'पानांच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या' म्हणजे नेमकं काय झालं?

माझ्या लालबागच्या मावशीला स्तनाच्या कॅन्सरसाठी दर आठवड्याला केमो चालू होती, तेव्हाची गोष्ट. चौथ्या केमोच्या आदल्या रात्री मावसभाऊ पाण्याच्या बाटलीत काढा घेऊन आला. हिरवट तपकिरी, तळाशी गाळ बसलेला. लक्ष्मणफळाच्या पानांचा. वसईला ओळखीच्यांच्या वाडीत जाऊन पानं त्याने स्वतः तोडली होती, पहाटे उठून उकळली होती. सोबत मोबाईलवर आलेला मेसेज होता : 'लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट प्रभावी, प्रयोगशाळेत सिद्ध.' मला म्हणाला, "ताई, तू यातच शिकलीस ना? खोटं असेल तर खोटं सांग. मी बाटली ओतून देतो."

मला लगेच 'खोटं' म्हणता आलं नाही. कारण तो १०,००० चा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी लक्ष्मणफळाच्या बियांमधून काही नवे रेणू वेगळे केले. त्यातल्या एकाने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर ॲड्रियामायसिनपेक्षा १०,००० पट जोर दाखवला. ॲड्रियामायसिन म्हणजे पेशंट जिला 'लाल केमो' म्हणतात, तीच. शोधनिबंधात हे छापून आलेलं आहे. मात्र मेसेज या हातातून त्या हातात जाता जाता बरंच काही गळून पडलं. ती पानं नव्हती, बिया होत्या. काढा नव्हता, शुद्ध करून वेगळा काढलेला एकच रेणू होता. पेशी आतड्याच्या कॅन्सरच्या होत्या, त्याही एकाच प्रकारच्या, आणि त्या कुणा माणसाच्या पोटात नव्हत्या. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये होत्या.

त्या रात्री भावाला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते आहे. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कुणी ना कुणी कुणाला तरी असं एखादं पान, मूळ, साल सांगत असतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या हातात असते ती प्रयोगशाळेतली एक बातमी, आणि प्रयोगशाळेत काय चालतं हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

वनस्पतीवरचं काम सुरू होतं झाडाची ओळख पटवण्यापासून. बाजारात एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यामुळे फुलापानांसकट फांदी दाबून वाळवायची आणि जाणकाराकडून नाव पक्कं करून घ्यायचं. मुंबईत बरेच विद्यार्थी त्यासाठी सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जातात. मग पानं सावलीत वाळवायची, भुकटी करायची, ती मिथेनॉलमध्ये, अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात भिजत ठेवायची, गाळायची आणि द्रव उडवून लावायचा. तळाशी काळपट हिरवं, काकवीसारखं चिकट काहीतरी उरतं. हा अर्क. त्यात शेकडो रेणू एकत्र असतात : रंगद्रव्यं, साखर, टॅनिन, मेण, आणि असलाच तर तो एखादा कामाचा रेणू. पाण्यात उतरलेले रेणू वेगळे, मिथेनॉलमध्ये उतरलेले वेगळे. म्हणजे बातमीत 'मिथेनॉलमधला अर्क' असेल, तर घरी पाण्यात उकळलेल्या काढ्यात तेच रेणू असतील असं धरून चालता येत नाही. पावसाळ्यात तोडलेलं पान आणि मे महिन्यात तोडलेलं पान यांतही फरक पडतो.

दुसरीकडे पेशी लागतात. पेशंटच्या गाठीतून काढून वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या या पेशींचे वाण असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. हेला हा १९५१ चा वाण, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा. एमसीएफ-७ हा स्तनाच्या कॅन्सरचा, १९७० पासूनचा. आपल्याकडे बहुतेक जण हे वाण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून आणतात. गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात, ३७ अंश तापमानाला आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं की त्या वाढत राहतात. त्यांच्याभोवती रक्तवाहिन्या नसतात. अर्क पचवणारं यकृत नसतं, तो गाळून टाकणारी किडनी नसते, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नसतात. जे काही घालाल ते थेट पेशीच्या अंगावर पडतं.

हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ खड्डे. प्रत्येक खड्ड्यात काही हजार पेशी सोडायच्या, एक रात्र त्यांना तळाशी चिकटू द्यायचं, दुसऱ्या दिवशी अर्क वेगवेगळ्या प्रमाणात घालायचा. दोन दिवसांनी प्रत्येक खड्ड्यात एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ टाकायचा. जिवंत पेशी त्याचे जांभळे खडे करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. मग ते खडे विरघळवून यंत्राने रंग मोजायचा. गडद जांभळं म्हणजे पेशी मजेत, फिकट पिवळं म्हणजे पेशी गेल्या.

एमएस्सीच्या प्रकल्पात माझी पहिली प्लेट अशी बाहेर आली तेव्हा एका बाजूचे सगळे खड्डे फिकट होते. मी आनंदाने मॅडमना बोलवायला धावले. त्यांनी प्लेट उजेडासमोर धरली आणि एकच विचारलं, "नुसत्या डीएमएसओचा खड्डा कुठे आहे?" अर्क पाण्यात विरघळत नव्हता म्हणून मी तो डीएमएसओ नावाच्या द्रवात विरघळवला होता. पेशींना हा द्रव अगदी थोडाच सोसतो, साधारण अर्धा टक्क्यापर्यंत. माझ्या सगळ्यात जास्त मात्रेच्या खड्ड्यांत तो २ टक्के झाला होता. आणि तुलनेसाठी ठेवलेल्या खड्ड्यांत मी डीएमएसओ घातलाच नव्हता, नुसतं गुलाबी पाणी होतं. पुन्हा प्लेट लावली. या वेळी एका रांगेत फक्त डीएमएसओ, तेवढाच २ टक्के. तीही रांग फिकट निघाली. पेशी मेल्या होत्या हे खरं होतं, फक्त माझ्या पानाने त्या मारलेल्या नव्हत्या.

तेव्हापासून अशी कोणतीही बातमी वाचली की मी आधी तो खड्डा शोधते.

पेशी मरणं ही गोष्ट मुळात किती सोपी आहे, हे प्लेट लावल्याशिवाय लक्षात येत नाही. मीठ जास्त झालं की मरतात, साबणाने मरतात, अल्कोहोलने मरतात. म्हणून 'मेल्या का' यापेक्षा 'किती थोड्या मात्रेत मेल्या' हे महत्त्वाचं. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथे देशभरातून आलेले अर्क आणि रेणू कॅन्सरच्या पेशींवर तपासून देतात. ज्या मात्रेला पेशींची वाढ निम्म्यावर येते, ती मात्रा तिथे मोजतात. शुद्ध रेणू असेल तर ती मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी हवी, अर्क असेल तर २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी. त्याच्या वर गेली की अर्क निष्क्रिय धरतात. शेजारी ॲड्रियामायसिनचा खड्डा असतोच, तुलनेला.

बातम्यांत झळकणारे कितीतरी अर्क या २० च्या आसपासही नसतात. १००, २००, कधी ५०० मायक्रोग्रॅम. १०० हा आकडा धरून मी भावासमोर वहीवर हिशेब मांडला, तोच इथे देते. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाच्या शरीरात ४० लिटरच्या आसपास पाणी असतं. सगळीकडे तेवढी मात्रा पोचवायची तर अंगात ४ ग्रॅम सुका अर्क हवा. पण वनस्पतींतले बरेचसे रेणू आतड्यातून जेमतेम शोषले जातात, आणि जे शोषले जातात त्यांतले बरेच यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. शंभरातला एक भाग रक्तात पोचला असं धरू. मग पोटात ४०० ग्रॅम अर्क जायला हवा. १०० ग्रॅम वाळक्या पानांतून १० ग्रॅम अर्क निघतो असं उदार मनाने धरलं, तर ४ किलो वाळलेली पानं. एका वेळेला. आणि प्लेटमध्ये अर्क दोन दिवस पेशींवर बसून असतो, तर शरीर तो काही तासांत बाहेर टाकायला लागतं. म्हणजे काही तासांनी पुन्हा ४ किलो. भाऊ वहीकडे बघत राहिला. त्याच्या बाटलीत मूठभर पानं होती.

हळदीचं उदाहरण यासाठी सगळ्यात बोलकं आहे, कारण ती आपल्या प्रत्येक फोडणीत असते आणि तिच्यावर प्रचंड संशोधन झालं आहे. हळदीत करक्युमिन असतं २ ते ५ टक्के. प्लेटमधल्या पेशींवर ते चांगलं चालतं, पण तिथे बऱ्याचदा मिलिलिटरला काही हजार नॅनोग्रॅम इतकी मात्रा वापरलेली असते. २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या पेशंटना रोज ८ ग्रॅम करक्युमिन देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे १६० ते ४०० ग्रॅम हळद. एवढं घेऊनही रक्तात मिळाले मिलिलिटरला २२ ते ४१ नॅनोग्रॅम. शंभर पटीचं अंतर. शिवाय करक्युमिन चाचणीत वापरलेल्या रंगांमध्ये आणि प्रथिनांमध्ये ढवळाढवळ करून खोटा होकार देतं, हे रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सविस्तर मांडलं. तोवर माणसांवर १२० हून जास्त चाचण्या झाल्या होत्या. हळद जेवणात आहे तशी राहू द्या, ती चांगलीच आहे. तिच्यावर कॅन्सरचा भार टाकू नये, एवढंच.

मात्रेइतकीच महत्त्वाची दुसरी अट म्हणजे निवड. अर्काने कॅन्सरच्या पेशी मारल्या, पण त्याच मात्रेत निरोगी पेशींचं काय झालं? चांगल्या शोधनिबंधात निरोगी पेशींची रांगही असते. नसेल तर निम्मं उत्तर हातात आलेलं नाही. लक्ष्मणफळातलं ॲनोनासिन इथेच अडकतं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं कामच ते थांबवतं, आणि हे काम मेंदूच्या पेशींनाही लागतं. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त का दिसतो, हे शोधताना १९९९ मध्ये डॉक्टरांचं लक्ष या कुळातली फळं आणि पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांकडे गेलं. क्वचित एखादं फळ खाण्याबद्दल मी हे म्हणत नाही. रोज बाटलीभर काढ्याबद्दल म्हणते आहे.

हे सगळं ऐकून भाऊ जरा खट्टू झाला. म्हणाला, "म्हणजे झाडपाल्यात काही नसतंच का?" त्याला वाटत होतं की मी केमोच्या बाजूची आणि तो झाडाच्या बाजूचा. या समजाचं मला खरंच फार वाईट वाटतं, कारण मावशीच्या हातात जी सलाईन लागत होती ती झाडाचीच होती.

तिचं औषध होतं पॅक्लिटॅक्सेल, मूळ नाव टॅक्सॉल. १९६० ते १९८२ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १ लाखाहून जास्त वनस्पती-अर्क तपासले. त्यात १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल आणली गेली. सालीच्या अर्काने पेशी मेल्या. पण तिथे थांबायचं नव्हतं, नेमका कोणता रेणू हे काम करतो ते शोधायचं होतं. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग पेशींवर तपासायचा, जो चालला त्याचे पुन्हा भाग पाडायचे. हे काम नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी केलं. वाणी नंदुरबारचे, जन्म १९२५ चा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी झाले, मग पीएचडीसाठी अमेरिकेला गेले. १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना त्यांनी छापली.

रचना कळली तरी औषध कसं चालतं ते कळायला १९७९ उजाडलं. सुझन हॉरविट्झ यांनी ते शोधलं. पेशी दुभंगताना आत अतिशय बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की सुटतो. इमारतीच्या रंगकामाला बांबूची परांची बांधतात तसा. टॅक्सॉल ही परांची सोडूच देत नाही. बांबू जागच्या जागी अडकतात, पुढचं काम ठप्प होतं आणि पेशी मरते. केसांच्या मुळाशी आणि आतड्याच्या अस्तरात पेशी सतत दुभंगत असतात, त्यांनाही तो फटका बसतो. मावशीचे केस गेले ते यामुळे.

मग सालीचा प्रश्न आला. १ किलो टॅक्सॉलला साधारण १०,००० किलो साल लागायची, आणि साल सोलली की झाड मरायचं. पुढे युरोपातल्या यूच्या पानांमधला एक रेणू घेऊन त्यापासून टॅक्सॉल बनवायची रीत सापडली. तो पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेल तेलापासून बनवलेल्या एका द्रवात मिसळावा लागला. त्या द्रवाची कुणाकुणाला जोराची ॲलर्जी येते, म्हणून केमो लावण्याआधी नर्स दोन-तीन इंजेक्शनं देते. माणसांवर एकामागून एक चाचण्या झाल्या आणि डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेत त्याला बीजकोशाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. साल जंगलातून आली त्याला ३० वर्षं झाली होती. भाऊ ज्याला 'केमिकल' म्हणत होता त्यामागे एवढा मोठा झाडाचा पाठलाग आहे.

आणि हे लांबच्याच जंगलात घडलं असं नाही. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचं झाड आहे, आंबोली-महाबळेश्वरकडचं. त्याला उग्र वास येतो, त्याचं शास्त्रीय नावही पूर्वी त्या वासावरूनच होतं. १९६६ मध्ये याच वॉल आणि वाणींनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हा रेणू काढला होता. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तोच रेणू नरक्यात असल्याचं दाखवलं, तोही चांगल्या प्रमाणात. मुंबईच्या उपनगरात झालेलं हे काम आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

कॅम्प्टोथेसिनची पुढची हकीगत मी मुद्दाम सांगते. प्लेटमध्ये उत्तम, उंदरांमध्ये उत्तम. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माणसांना देऊन पाहिलं तर मूत्राशयातून रक्तस्राव, भयंकर जुलाब. चाचण्या थांबवाव्या लागल्या. बरीच वर्षं ते तसंच पडून राहिलं. १९८५ मध्ये कळलं की डीएनएला पडलेला पीळ सोडवणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, ते धरून ठेवतं. दोरीचा पीळ काढायला एक पेड कापावा, पीळ सुटला की पुन्हा जोडावा, तसं हे विकर करतं. कॅम्प्टोथेसिन पेड कापल्यानंतर जोडूच देत नाही. हे कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूत थोडे बदल केले, तो पाण्यात विरघळेल आणि सोसेल असा केला. त्यातून इरिनोटेकन आणि टोपोटेकन आली. १९९६ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. इकडे नरक्याच्या वाट्याला मात्र कुऱ्हाड आली. परदेशात मागणी आहे हे कळल्यावर घाटातली झाडं बेसुमार तोडली गेली, चोरून विकली गेली.

सदाफुलीची गोष्ट तर प्रत्येक सोसायटीच्या कुंडीत आहे. ती मधुमेहावर चालते असं ऐकून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांनी उंदरांना अर्क दिला. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं म्हणजेच रक्ताचा कॅन्सर, हे त्यांनी लगेच ताडलं. त्यातून विनब्लास्टिन आणि पाठोपाठ विनक्रिस्टिन आलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर विनक्रिस्टिन आजही दिलं जातं. ही औषधं परांची बांधूच देत नाहीत. १ ग्रॅम विनब्लास्टिनला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. आणि विनक्रिस्टिनची एका वेळची मात्रा सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. मोहरीच्या एका दाण्याचं वजन साधारण तेवढं असतं. त्याहून जास्त झालं तर नसा जातात. म्हणून सदाफुलीची पानं चावून खाऊ नका. पानात किती आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

प्लेट आणि पेशंट यांच्यामधलं बाकीचं अंतर थोडक्यात सांगते. प्लेटनंतर उंदीर. उंदरांनंतर माणसांवर पहिला टप्पा, मात्रा किती सोसते ते पाहायला. दुसरा, गाठ कमी होते का ते पाहायला. तिसरा, शेकडो पेशंटमध्ये आजच्या उपचारापेक्षा खरंच बरं आहे का ते पाहायला. माणसांच्या पहिल्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकी शेवटी मान्यता मिळते ती साधारण वीसातल्या एकाला. प्लेटवरचे अर्क तर त्याच्याही कितीतरी मागे उभे असतात. जर्दाळूच्या बियांमधल्या ॲमिग्डालिनचा अमेरिकेत फार बोलबाला होता. १९८२ मध्ये १७८ पेशंटवर रीतसर तपासलं तेव्हा फायदा शून्य निघाला, आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीला पोचलेलं दिसलं.

'फायदा नाही तर नाही, तोटा तर नाही ना?' हे भावाचं शेवटचं म्हणणं होतं. तोटा असू शकतो, आणि केमो चालू असताना जास्तच. केमोचं बरंचसं काम निस्तरायचं असतं ते यकृताला. काढ्यातले रेणूही तिथेच जातात आणि तेच विकर वापरतात. सेंट जॉन्स वर्ट ही पाश्चात्त्य जडीबुटी इरिनोटेकनबरोबर घेतली तर रक्तातल्या कामाच्या औषधाची पातळी चाळीस टक्क्यांहून जास्त उतरते, हे २००२ मध्ये दिसलं. म्हणजे एका झाडाचं औषध दुसऱ्या झाडाने पाडलं. ग्रीन टीमधला एक रेणू बोर्टेझोमिब या कॅन्सरच्या औषधाला चिकटून त्याला निकामी करतो, हे २००९ मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसलं. आणि कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा चालू होता, तेव्हा यकृताला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असंही म्हणणं मांडलं गेलं. तसं असेल तरी माझ्या दृष्टीने काळजी तेवढीच राहते. बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे पिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आता अशी बातमी आली की मी काय बघते? अर्क होता की शुद्ध रेणू. पेशींवर, उंदरांवर की माणसांवर. मात्रा किती. निरोगी पेशींची रांग होती का. आणि कुठल्या तरी दुसऱ्या प्रयोगशाळेला तेच मिळालं का. बातमीत यांतलं काहीच नसेल तर मी ती पुढे पाठवत नाही. पण त्या संशोधनाला मी नावंही ठेवत नाही. खारघरला किंवा एखाद्या कॉलेजच्या छोट्याशा प्रयोगशाळेत रात्री आठला प्लेट लावत बसलेल्या मुलीला मी ओळखते. ती अर्कांच्या ढिगातून एक रेणू शोधते आहे आणि तिचं काम प्रामाणिक आहे. तिच्या प्लेटवरून थेट मावशीच्या पेल्यात उडी मारू नये, एवढंच माझं मागणं.

दुसऱ्या दिवशी भावाने बाटली ओतली नाही. मीच म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. पिशवीतून घेऊन गेलो. मला भीती होती की ओरडतील. त्यांनी बाटली हातात घेतली, कशाची पानं, किती दिवस, हे विचारलं. मावशी म्हणाली, अजून घोटही घेतलेला नाही. "मावशी, केमो संपेपर्यंत हे नको. आणि पुढे कुणी काही आणून दिलं तर आधी असंच मला दाखवायचं. लपवायचं नाही," असं म्हणून त्यांनी फाईलवर दोन ओळी लिहिल्या.

दुपारी सलाईन लागली. भाऊ खुर्चीवरून उठून बाटलीवरचं लेबल वाचत होता. "यावर झाडाचं कुठेच लिहिलेलं नाही," म्हणाला. मी मोबाईलवर यूच्या झाडाचा फोटो काढून दाखवला. सुईसारखी पानं, मधे मधे छोटी लाल फळं. मावशीने चष्मा मागितला आणि बराच वेळ फोटो बघितला.

"आपल्याकडे होतं का गं हे?"

"याचे भाऊबंद आहेत, हिमालयात."

"बरं," म्हणाली, आणि सलाईन लावलेला हात जरा सरळ करून घेतला.